पोलादी खिळीची आणि हत्तीच्या शिंकेची हकीकत

॥ श्री विश्वकर्मा प्रसन्न ॥ भिंग, चिमटा आणि फुंकणी या तिन्ही दैवतांस दंडवत घालोन, आणि ज्या बोटांस राजगिऱ्याचा दाणा बोराएवढा दिसतो त्या बोटांस चौथा दंडवत घालोन, ही हकीकत आरंभिली असे. शके सतराशे आणि वर काही, संवत्सराचे नाव ज्योतिषीबावांस आठवेना म्हणोन 'खडानाम' ऐसे लिहिले, आश्विन वद्य अष्टमीपासोन कार्तिक शुद्ध द्वितीयेपर्यंत जे घडले ते. हे कोणास खरे वाटणार नाही. न वाटो. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांसही घरी जाऊन सांगताना खरे वाटेना, मग इतरांचे काय घेऊन बसावे. यात एक अक्षर पदरचे नाही, आणि असलेच तर शोभेपुरते आहे. राजेसाहेबांचा हुकूम ऐसा की या गोष्टीस बारा वर्षे जाहली, आता लिहोन काढावी, आणि भाऊबीजेस भर दरबारी चिटणिसांनी वाचावी, आणि वाचतेसमयी ऐकणारा जो जे बोलेल तेही शेजारचे कारकुनाने तेथल्या तेथे उतरवावे, गाळू नये. त्या हुकुमाप्रमाणे.

त्या राज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. नदीच्या अलीकडे राजवाडा, आणि पलीकडे अर्ध्या कोसावर हत्तीखाना. हत्तीखान्यात गुलाबगज नामे हत्ती, आणि त्याचा माहूत हसनखा. आणि पेठेत दुर्पदाबाई वेढेकर नामे सोनारीण, जिच्या हातची नथ नाकात घातली तर नाकास कळत नसे की नथ घातली. या बाईस बाप होता, फुंकणी होती, दुकान होते, फक्त भाऊ नव्हता. एके वर्षी भाऊबीजेस तिने रीतीप्रमाणे पाट मांडिला आणि रित्या पाटाकडे पाहात बसली, इतक्यात अंगणातला केळीचा घड गुलाबगजाने मुळासकट खाल्ला, आणि हसनखा माफी मागावयास दारात आला. बाई म्हणाली, "माफी मागाहून माग. आधी पाटावर बैस." तेव्हापासोन तो तिचा भाऊ. पुढल्या वर्षी तो पाटावर बसला तो गुलाबगज त्याच्या पाठोपाठ घरात येऊ लागला आणि दाराची चौकट गेली. मग ठरले की हसनखाने हत्तीवरोन उतरू नये. तो दरसाल हत्तीवर बसोन दारात यावा, आणि दुर्पदाबाईने ओवाळणीचे ताट घेऊन शिडीवर चढावे आणि वरच्या पायरीवरोन ओवाळावे, आणि खाली सगळी आळी तोंड वर करोन उभी राहावी, आणि गुलाबगजाने ताटातली साखर सोंडेने न्यावी. ऐसी नऊ वर्षे सुखाची गेली.

दहावे वर्षी आश्विन वद्य अष्टमीस हसनखाच्या पोटात उजवे बरगडीखाली कळ उठली ती ऐसी की गडी अंकुश टाकोन आडवा जाहला. आणि गुलाबगजाने घराच्या उंबऱ्यावर सोंड ठेविली ती उचलिली नाही. चारा नाही, पाणी नाही, पाऊल हलविणे नाही. शेजारणीने दोन दिवस वाट पाहिली आणि मग धुतलेले लुगडे त्याच सोंडेवर वाळत घालू लागली, तरी हलला नाही. दुर्पदाबाई दुकान टाकोन नदीपलीकडे आली, आणि राजेसाहेबांनी वैद्यराज धुंडिराजपंतांस पाठविले, कारण त्या हत्तीवाचून राजेसाहेबांची स्वारी बाहेर पडत नसे. वैद्यराजांनी पोट दाबोन पाहिले आणि म्हणाले, "पित्ताच्या पिशवीत खडा आहे. नववे दिवशी सूर्य मावळायच्या आत निघाला तर माणूस आपला. नाहीतर पिशवी फुटेल." दुर्पदाबाईने बोटांवर मोजिले. नववा दिवस पाडवा येत होता, आणि दहावा भाऊबीज. तिला एकदम रिता पाट दिसला आणि तिने तो डोळ्यांपुढोन हाकलिला.

"पोट फाडणार काय?" ती म्हणाली.

"फाडले तर खडा खचित निघेल. माणूस राहील ऐसे लिहून देता येत नाही. दुसरी रीत आहे. ज्वारीच्या दाण्याएवढी तीन भोके पाडायची. एकातून दुर्बीण घालायची, म्हणजे आतले दिसते. दुसऱ्यातून चिमटा. तिसऱ्यातून धरायला आकडी."

"मग करा की."

"दुर्बीण आहे, आकडी आहे, हात आहेत. चिमटा नाही. तसला चिमटा या राज्यात अजून कोणी जोडलेला नाही."

हसनखा अंथरुणावरोन म्हणाला, "अक्का, तू नथ जोडतेस तसलेच काही असेल."

"नथ नाकात असते रे, हसना. सुटली तर ओठावर सापडते."

मग दरबार भरला आणि वैद्यराजांनी चिमट्याचे वर्णन केले ते ऐसे. गव्हाच्या काडीएवढी बारीक पोलादी नळी, हातभर लांब. तिच्या टोकास दोन कान, आणि कानांच्या मध्ये दोन जबडे, तांदळाच्या कणीएवढे. मागे मूठ, आणि मुठीपासोन नळीतून केसाएवढी तार, ती ओढली की जबडे मिटावे आणि सोडली की उघडावे. आणि हे सर्व ज्या एका खिळीवर फिरायचे ती खीळ कानांतून आणि जबड्यांतून आरपार, राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक. "आणि मुख्य गोम ही," वैद्यराज बोलिले, "की खिळीची दोन्ही टोके कानांस एकजीव व्हावी, पण मधले जबडे मोकळे राहावे. टोके सुटली आणि खीळ पोटात पडली तर मी खडा काढावयास गेलो आणि लोखंड ठेवून आलो ऐसे होईल."

तेव्हा रायाजी शिकलगार उठले. राज्यातल्या सगळ्या तलवारी यांच्या हातून धार लावून गेलेल्या, आणि मिशी ऐसी की तिच्यावर दोन लिंबे ठरत. यांनी तीन दिवसांत नळी, कान, जबडे आणि तार ऐसी केली की पाहतच राहावे, आणि जोडण्यापाशी गाडे अडले. प्रथम खीळ घालोन हातोडीने दोन्हीकडून डोके बसविले. हातोडी लहानातली लहान घेतली, पण हात रायाजींचाच राहिला, आणि नळीचे कान बदामाच्या सालीसारखे तडकले. मग नवे कान करोन फुंकणीने चांदीची झाळ दिली. चांदी वितळली आणि लग्नघरी पाहुणे शिरावे तैसी बोलावली तिथे गेली आणि न बोलावली तिथेही गेली, आणि कान, खीळ, जबडे सर्व एक होऊन चिमट्याचा दाभण जाहला, आणि वर आचेने पोलादाचे पाणी उतरले ते निराळेच. मग रायाजी म्हणाले की आग नको, सरसाने चिकटवू. चिकटविले, सुरेख बसले, दरबाराने वाहवा केली. वैद्यराजांनी आपल्या शिरस्त्याप्रमाणे हत्यार उकळत्या पाण्यात टाकिले, आणि थोड्या वेळाने वर आमटी आणि तळाशी चार सुटे भाग.

"रायाजी," वैद्यराज म्हणाले, "वाढू काय?"

रायाजी खाली बसले. मग दुर्पदाबाई पदर खोचोन पुढे आली आणि म्हणाली की महाराज, हे मला जोडू द्यावे. आमच्या घरी अतिबारीक तारेस आम्ही फुंकणी लावीत नाही, कारण फुंकरीने तारच उडते. आम्ही दुपारच्या उन्हाने झाळतो. आजोबांचे भिंग आहे, त्यातून ऊन धरले की सुईच्या अग्राएवढे होते, आणि जिथे ठेविले तितकेच वितळते, शेजारच्यास ऊबसुद्धा लागत नाही.

रायाजींनी मिशीवरोन हात फिरविला. "बाई, हे पोलाद आहे. नाकातले सोने नव्हे."

"आणि ते पोट आहे, ढाल नव्हे. सरका."

राजेसाहेब हसले आणि हुकूम जाहला. मग बाईने एका जुन्या तलवारीच्या टोकाची तार ओढिली आणि तिच्या पाच खिळी केल्या, आणि त्यांतच दुसरे तीन दिवस गेले. आणि त्या खिळी ऐशा की पाहणाराने त्यांच्याजवळ मोठ्याने विचारही करू नये. पहिली फरशीच्या फटीत गेली. दुसरी मुंगीने साखर समजोन नेली, आणि चार शिपाई त्या मुंगीच्या मागे वारुळापर्यंत गेले आणि तेथे मुंग्यांची फौज पाहोन मुजरा करोन परत आले. तिसरी रायाजींच्या मिशीत गेली, आणि अर्धा दिवस मिशी विंचरली तो दोन जिरे आणि एक मोहरी निघाली, खीळ निघाली नाही. चौथी मात्र जाग्यावर बसली, आणि अमावास्येच्या दुपारी दरबारच्या छतातल्या झरोक्याखाली बाईने तिच्यावर भिंग धरिले. आणि काय सांगावे, पोलाद ऐसे घासलेले, ऐसे लखलखीत, की ऊन त्यावर पडले आणि अळवाच्या पानावरोन पाणी जावे तैसे निघोन गेले. सगळ्या छतावर भर दुपारी चांदणे पडले आणि खीळ गार ती गार. बाईचा हात पहिल्यांदा कापला आणि त्या कापण्यात चौथी खीळ कानातून निसटली आणि रायाजींच्या जोड्याखाली चपटी जाहली. त्या संध्याकाळी बाई हसनखाकडे गेली तेव्हा तो कुशीवरही वळेना. म्हणाला, "अक्का, शिडी विकलीस काय?"

"कशाला विकीन?"

"यंदा लागणार नाही ऐसे वाटते."

"तू गप पड. शिडीस कालच तेल दिले आहे." हे खोटे होते. पण घरी जाऊन तिने शिडीस तेल दिले, आणि जाण्याआधी गुलाबगजाच्या शेपटीचा एक केस मागोन नेला, कारण खीळ चिमट्याने धरली तर उडते आणि ओल्या केसाच्या टोकावर मात्र शहाण्यासारखी बसते.

उजाडला नववा दिवस, पाडवा. खीळ एक उरली. नवी करावयास तीन दिवस हवे, आणि उरला होता एक सूर्य. झरोक्यातून ऊन माथ्यावर येते ते दोन घटका, मग खांबाची सावली पडते. बाई म्हणाली की एके जागी दोन घटका किरण धरोन पाहते, दुसरे काही सुचत नाही. मग राजेसाहेबांनी हुकूम केला तो ऐसा की फरशी ओल्या फडक्याने सात वेळा पुसावी. पंखेवाल्यांनी पंखे खाली ठेवावे. सर्वांनी पांढरे धुतलेले आंगरखे घालावे, अंगावरचे दागिने काढोन ठेवावे, डोकी बांधावी आणि नाकातोंडावर फडके बांधावे, रायाजींनी मिशीसाठी वेगळे फडके बांधावे. कोणी खोकू नये, खाकरू नये, जांभई आली तर बाहेर जाऊन द्यावी. तेव्हा सगळा दरबार पांढरा, तोंडे बांधलेली, आणि कोण दिवाण आणि कोण हुजऱ्या हे ओळखू येईना. एका चिटणिसांनी तेवढे फडके जरा खाली घेतले होते, ते लिहिण्याच्या सोयीकरिता. चिटणीस हे अत्यंत सज्जन मनुष्य, अक्षर मोत्यासारखे, कमरेस तपकिरीची डबी असे पण ती केवळ शोभेची. (येथे वाचतेसमयी दुर्पदाबाई हसली. दाखल केले.)

मग बाई पाटावर बसली, आणि पुढे चिमटा आडवा ठेविला, कानात आणि जबड्यात भोकास भोक जुळविले, आणि दरबारी लोक माना लांब करोन फडक्याआडून "वाहवा, वाहवा" पुटपुटू लागले. बाईस ते आवडले नाही. तिच्या घरची चाल ऐसी की नथ दुकानातून बाहेर पडण्याआधी तिला कोपऱ्यात काजळाची तीट लावायची, बाळाच्या गालास लावितात तैसी, म्हणजे दृष्ट लागत नाही. आणि येथे तर सव्वाशे डोळे एका चिमट्यावर. म्हणोन तिने कमरेची काजळाची डबी काढिली, दिवाळीचे ताजे धरलेले काजळ, झाकण उघडोन शेजारी ठेविली, की आधी खीळ बसवावी आणि मग मुठीस तीट लावावी. आणि ओल्या केसाच्या टोकावर ती एकुलती खीळ उचलिली आणि भोकाजवळ नेली, आणि ऊन झरोक्यातून उतरले, आणि सगळा दरबार श्वास धरोन उभा राहिला.

इतक्यात शिंक आली. काय ती शिंक. झुंबराचे लोलक किणकिणले, दिवाणजींच्या डोक्याचे फडके फिरले, पारवे उडाले. आणि केसाच्या टोकावर खीळ नाही.

बाई हलली नाही. हातातला केस तसाच धरोन तिने डोळे मिटिले आणि मनात म्हणाली, हसना, मी काय करू रे. राजेसाहेबांनी हात वर केला. "पाऊल उचलील त्याचे पाऊल राहणार नाही. जिथे आहा तिथे उभे राहा." मग खासा राजेसाहेब गुडघ्यांवर बसले आणि फरशीस गाल लावून पाहू लागले, आणि रायाजी लोहचुंबक दोरीस बांधोन हवेत फिरवू लागले, त्यास दिवाणजींची किल्ली, हुजऱ्याचा अडकित्ता आणि कोणाची कोण जाणे एक सुई चिकटोन आली, खीळ आली नाही. खांबाची सावली चार बोटे पुढे सरकली. राजेसाहेब तसेच गुडघ्यांवरोन म्हणाले, "शिंकले कोण? ज्या कोणी शिंक दिली त्याने जन्मभर हत्तीखान्यात शेण काढायचे. हा हुकूम लिहा, चिटणीस."

चिटणिसांनी हुकूम लिहिला, आणि लिहिता लिहिता मोठ्या धैर्याने बोलिले, "महाराज, गुलाबगज शिंकला. आत्ता या खिडकीखाली आला होता. शिंकला आणि परत गेला. सर्वांच्या नजरा खिळीवर होत्या म्हणोन कोणी पाहिले नाही, सेवकाने पाहिले." शिंकेचा आकार पाहता सर्वांस पटले. राजेसाहेब म्हणाले, "हत्तीस काय शिक्षा करावी. तो बिचारा आधीच उपाशी आहे." (येथे हसनखा माहूत खाकरले. खाकरणे दाखल केले.)

दुर्पदाबाईने डोळे उघडिले. खीळ गेली तर गेली, पण दृष्ट लागली ती तरी काढावी, ऐसे हाताच्या सवयीनेच तिच्या मनात आले, आणि तिने तीट घेण्याकरिता बोट काजळाच्या डबीकडे नेले, आणि नेता नेता थांबली. काजळाच्या गुळगुळीत पाठीवर, जिथे कोणाचे बोट लागले नव्हते, तिथे एक बारीकसा खड्डा. तिने भिंग डोळ्यास लाविले, आणि कितीतरी वेळ पाहिले, आणि मग अगदी हळू, कोणास सांगावे तैसे नव्हे, म्हणाली, "येथे आहे."

राजेसाहेबांनी गुडघ्यांवरोनच हात जोडिले. बाईने केसाचे टोक काजळात घालोन खीळ उचलिली, ती नखशिखांत काळी. "पुसा ती," रायाजी म्हणाले.

"पुसताना हरवली तर? सावली बघा कुठे आली."

मग ती काळी खीळ तशीच भोकात घातली, आणि काजळाचे तेल होते म्हणोन ती वंगण दिल्यासारखी सरकन कानातून, जबड्यांतून आणि दुसऱ्या कानातून गेली. आणि बाईने भिंग धरिले. छतावर चांदणे पडले नाही. बाईने वर पाहिले, मग खाली पाहिले. ऊन पोलादावरोन निसटत होते ते काजळावरोन निसटेना. लखलखीतपणास ऊन परत देता येते, काळ्यास येत नाही, ते बापडे सगळे पोटात घेते. भर उन्हात काळे घोंगडे पांघरणाऱ्यास हे ठाऊक असते, पण दरबारात घोंगडे कोण पांघरितो. खिळीच्या काळ्या टोकावर एक तांबडी ठिणगी दिसली, मोहरीच्या दहाव्या हिश्श्याएवढी, मग ती पिवळी जाहली, मग पांढरी, आणि तेवढ्यात बाईने भिंग बाजूस घेतले. टोक कानात विरघळले होते. कोठे शिवण दिसेना. तिने चिमटा उलटा केला, दुसरे टोक उन्हाखाली आणिले, आणि तिथेही तशीच ठिणगी. आणि खांबाची सावली तिच्या बोटांवर आली.

बाईने मूठ दाबिली. जबडे मिटले. सोडिली. उघडले. तिने आणखी एकदा दाबिली, आणि मग उठोन रायाजींजवळ गेली, आणि फडक्याबाहेर आलेला त्यांच्या मिशीचा एक केस, एकच, जबड्यात धरोन ओढिला.

"आई गं," रायाजी म्हणाले.

"धरतो," बाई म्हणाली.

मग चिमटा उकळत्या पाण्यात घातला, आणि वैद्यराज भांड्यात वाकोन वाकोन पाहात राहिले, आणि आमटी जाहली नाही. मग चिमटा ओल्या मलमलीत गुंडाळिला आणि घोडेस्वाराने नदीपलीकडे नेला, आणि मागोमाग वैद्यराज. हसनखास गुंगीचे औषध देऊन त्याच्याच ओट्यावर निजविले, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी तीन भोके पाडिली, आणि दुर्बिणीस डोळा लाविला, आणि चिमटा आत गेला. दुर्पदाबाई दारात उंबऱ्यापाशी सोंडेस पाठ टेकून बसली होती. तिने एकच विचारिले, "खीळ आहे काय जाग्यावर?" वैद्यराज डोळा न काढता म्हणाले, "आहे. आणि बाई, हिच्यापेक्षा मीच जास्त हलतो आहे." सूर्य मावळायला अर्धी घटका होती तेव्हा खडा निघाला. तो आतल्या आत फोडून चार तुकड्यांत काढिला, आणि चार तुकडे जुळवून पाहिले तर चिंचोक्याएवढा. चिमटा बाहेर आला, बाईने भिंगातून पाहिले, खीळ होती तिथेच होती, आणि मग ती इतका वेळ न रडलेली बाई सोंडेवर डोके ठेवून हवे तितके रडली.

दुसरे दिवशी भाऊबीज. बाईने शिडी लाविली, ताट घेतले आणि वरच्या पायरीवर चढोन उभी राहिली, की येईल तर येईल. आणि पाहते तो हसनखा चालत येतो आहे, पोटास तीन पट्ट्या, कारण वैद्यराजांनी हत्तीवर चढू नको ऐसे बजाविले होते, आणि मागोन गुलाबगज. हसनखा शिडीखाली उभा राहिला आणि वर पाहू लागला.

"अक्का, खाली ये. यंदा मी खालीच आहे."

मग ती खाली आली, आणि बारा पायऱ्या उतरताना तिला हसू आवरेना, आणि हसनखा पाटावर बसला, आणि गुलाबगज त्याच्या मागोमाग घरात शिरला, आणि दाराची चौकट दुसऱ्यांदा गेली. बाई ओवाळता ओवाळता म्हणाली, "जाऊ दे चौकट. हलू नको, ताट सांडेल."

मग राजेसाहेबांनी दरबार भरवून दुर्पदाबाईस पालखीचा मान दिला आणि वैद्यराजांस शेला, आणि रायाजींनी आपण होऊन मिशीच्या उपटलेल्या केसाच्या भरपाईची मागणी सोडिली. आणि राजेसाहेब म्हणाले, "पण विचार करा. शिंक आली नसती तर खीळ काजळात पडली नसती, आणि काळी जाहली नसती, आणि आम्ही अजून छतावरचे चांदणे बघत बसलो असतो. पहिला मान शिंकणाराचा." मग गुलाबगजास 'शिंकबहाद्दर' हा किताब, जरीची झूल, आणि दर भाऊबीजेस मणभर गूळ वंशपरंपरा, ऐसी सनद करोन दिली. ती चिटणिसांनी आपल्या हाताने लिहिली, आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, ते आनंदाचे ऐसे सर्वांनी मानिले. तेव्हापासोन त्या राज्यात बारीक हत्यार जोडताना खिळीस आधी तीट लावितात, मग ऊन दाखवितात, आणि आजवर सातशे चिमटे जाहले, एकाचीही खीळ कोणाच्या पोटात राहिली नाही.

एवंच, भाग चार, खीळ एक, ऊन दोन घटकांचे, आणि भाऊ पाटावर, इतका या हकीकतीचा ऐवज. बाईचा हात आणि गुलाबगजाची शिंक ही या दौलतीची दोन

येथपर्यंत वाचन जाहले. येथून पुढील अक्षर शेजारचे कारकुनाचे.

हसनखा माहूत उठोन उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा, चिटणीस. बारा वर्षे ऐकून घेतले, आता कागदावर आले म्हणून बोलतो. वर तुम्हीच वाचलेत की गुलाबगजाने माझ्या उंबऱ्यावरून सोंड हलवली नाही. नवव्या दिवशीही हलवली नाही. मी आडवा होतो, पण डोळे उघडे होते. शेजारणीचे लुगडे त्या दुपारीही सोंडेवर वाळत होते. हत्ती दरबारच्या खिडकीशी आला होता तर लुगडे नेसून आला होता काय?"

दरबार हसला. चिटणीस म्हणाले की इतक्या जुन्या गोष्टी. दुर्पदाबाईने कमरेची डबी काढिली, झाकण उघडिले आणि राजेसाहेबांपुढे ठेविली.

"हे तेच काजळ, महाराज. त्यानंतर यात बोट घातले नाही. भिंगातून बघा, अजून तपकीर आहे. मी त्याच दिवशी पाहिली होती."

"मग बोललीस का नाहीस?" राजेसाहेब म्हणाले.

"शेणाचा हुकूम नुकताच लिहिला होता ना, महाराज. ज्यांच्या शिंकेने माझा भाऊ उठला त्यांना शेण काढायला कशी लावू? आणि मागाहून गुळाचा हुकूम निघाला तेव्हा वाटले, आता आपण होऊन सांगतील."

राजेसाहेबांनी भिंगातून पाहिले, आणि पुष्कळ वेळ पाहिले, आणि मग खांदे हलू लागले तेव्हा कळले की हसतात. म्हणाले, "चिटणीस, म्हणजे बारा वर्षांचा बारा मण गूळ तुमचा होता."

हसनखा म्हणाले, "गूळ तर गुलाबगजाने खाल्ला, महाराज. शेण मात्र रोज ताजे आहे."